बाबांची ट्रंक आणि आईची वही

बाबा गेल्यानंतर पैशाच्या बाबतीतली पहिली चूक आम्ही दहाव्याच्या आदल्या दिवशीच केली. दादाने बाबांच्या पाकिटातून एटीएम कार्ड काढलं. पिन त्याच पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेला होता. दोन दिवसांत वीस-वीस हजार काढून त्याने भटजी, आचारी, मंडपवाला असे सगळ्यांचे पैसे चुकते केले. यात काही वावगं आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाबांचेच पैसे, बाबांच्याच कार्याला.

तीन आठवड्यांनी बँकेत मृत्यूचा दाखला दिला, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "हे चाळीस हजार कुणी काढले?" दादा गप्प. मग त्यांनीच आवाज खाली आणून सांगितलं, की खातेदार गेला की त्याचं कार्ड, त्याची सही, त्याने दिलेले अधिकार सगळं तिथेच संपतं. पैसे त्या क्षणापासून वारसांचे होतात. "सगळेच असं करतात हो. पण तुमच्यातल्या एखाद्याने हरकत घेतली असती तर हा चोरीचा मामला झाला असता."

दुसरी चूक माझी. महिनाभरात मी बाबांचं सिमकार्ड बंद करून टाकलं. दोनशे-अडीचशेचं रिचार्ज कशाला चालू ठेवायचं, असा माझा हिशेब. त्या एका सिमवर किती ओटीपी येत होते हे पुढे कळलं: आयकराच्या पोर्टलचा, आधारचा, गॅसचा, विजेच्या बिलाचा. घरात अशी वेळ आली तर तो फोन चार्ज करून वर्षभर तरी चालू ठेवा. मी हे आता भेटेल त्याला सांगते, आणि लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

बाबा पाटबंधारे खात्यातून २०१० साली निवृत्त झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, झोपेतच गेले. नीटनेटका माणूस. कर्ज नाही, व्यसन नाही, सातारचं घर आईच्या नावावर. कुणीही म्हटलं असतं, यांच्या घरी कसली अडचण येणार? पैसा होताच. तो कुठे आहे, हे एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस आता नव्हता.

पलंगाखालची पत्र्याची ट्रंक उघडली. वर १९८८ पासूनची विजेची बिलं, सालवार दोऱ्याने बांधलेली. त्याखाली आमच्या दोघांची प्रगतिपुस्तकं, खताच्या पावत्या, बंद पडलेल्या रेडिओचं वॉरंटी कार्ड. तळाशी तीन बँकांची पासबुकं, एका पतसंस्थेच्या ठेव पावत्या, पोस्टाचं एक पासबुक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? ते दर पहिल्या तारखेला पैसे आणून द्यायचे." पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि आईने एकदाही एटीएमच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. यात बाबांचा दोष जितका, तितकाच आम्हा शिकल्यासवरल्या मुलांचाही.

सगळ्यात सोपं निघालं ते पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत बाबांनी २०२१ मध्ये १५ लाख ठेवले होते, त्या वेळच्या ७.४ टक्के दराने. तिमाहीला २७,७५० रुपये व्याज यायचं. पोस्टातल्या एजंट बाईंनी तेव्हाच हट्टाने आईचं नाव संयुक्त खातेदार म्हणून घालायला लावलं होतं. या योजनेत जोडीदार संयुक्त खातेदार किंवा एकटाच नॉमिनी असेल, तर खातं मुदतीपर्यंत तसंच पुढे चालवता येतं. दाखला दिला, केवायसी झालं, काम झालं. त्या बाईंना मी मिठाईचा पुडा नेऊन दिला. एका सहीची किंमत काय असते, हे पुढचे पाच महिने बँकेत घासल्यावर कळलं.

पेन्शनचंही तसं सुरळीत झालं. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आईचं नाव आणि जोडफोटो होताच. कोषागारात अर्ज दिला. मात्र डिसेंबरला बाबांच्या खात्यात जमा झालेलं पेन्शन सरकारने परत वळतं करून घेतलं, कारण आम्ही उशिरा कळवलं होतं. खरा धक्का आकड्याचा होता. बाबांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं मिळायचं, आईला कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्क्यांच्या हिशेबाने. म्हणजे घरात येणारं पेन्शन एकदम पाच आण्यांवरून तीन आण्यांवर यावं तसं झालं. घरातलं एक माणूस कमी झालं म्हणून खर्च काही चाळीस टक्क्यांनी उतरत नाही. लाईट तेवढीच जळते, कामाच्या मावशींचा पगार तोच, आणि आईच्या गुडघ्यांची औषधं उलट वाढलेली. पेन्शनर नवरा-बायकोंनी आपल्या पश्चात जोडीदाराला नेमके किती मिळणार हा आकडा आजच काढून बघावा. आम्ही नातेवाइकांत चार घरी विचारलं, चारही घरी कुणाला ठाऊक नव्हतं.

आता ठेवींची गोष्ट. एका बँकेत तीन लाखांची एफडी होती, तिला नॉमिनी दादा. नऊ दिवसांत पैसे त्याच्या खात्यात. दुसऱ्या बँकेत साडेचार लाखांची होती, तिला नॉमिनी म्हणून आजोबांचं नाव! बाबांनी नोकरीला लागल्यावर १९७६ मध्ये उघडलेलं खातं, पुढे कधीतरी नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव घातलं आणि मग ते बदललंच नाही. आजोबा १९९६ सालीच वारले. म्हणजे कागदावर नॉमिनी होता, पण तो आधीच बाबांची वाट बघत वर बसलेला.

मेलेला नॉमिनी म्हणजे नॉमिनी नसल्यासारखंच. मग बँकेने सगळ्या कायदेशीर वारसांच्या सह्या मागितल्या. आम्ही तीन नावं लिहून दिली: आई, दादा, मी. अधिकाऱ्यांनी फॉर्म परत सरकवला. "वडिलांच्या आई आहेत का?"

आहे. आजी तेव्हा ९१ वर्षांची, गावाकडे, कोरेगाव तालुक्यात, धाकट्या काकाकडे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आणि मुलांबरोबर त्याची आईही येते, आणि हिस्सा सगळ्यांचा सारखा. म्हणजे बाबांच्या पैशांतला पाव वाटा आजीचा. आमच्या कुणाच्या स्वप्नातही हे नव्हतं. वकिलांनी आणखी एक सांगून घाबरवलं: हे मिटायच्या आत आजीचं काही झालं, तर तिच्या त्या वाट्याला दोन काका, तीन आत्या आणि आम्ही भावंडं असे सगळेच वारस लागणार. साडेचार लाखांच्या एफडीवर डझनभर सह्या.

तिच्या आधारवर जन्मतारीख एक, रेशन कार्डावर दुसरी. पॅन नाहीच. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे बायोमेट्रिक चार वेळा फेल. शेवटी बँकेतला एक भला माणूस रविवारी स्वतःच्या मोटरसायकलवरून गावाला आला. ओट्यावर आजीला बसवलं, मी कागद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ल्योक गेला, आन् त्याच्या पैशाला माझा अंगठा व्हय?" त्यावर कुणाला काही सुचलं नाही. काकूने तिचं मनगट धरलं आणि शाईच्या पॅडवर टेकवलं.

आजीचं ना-हरकत पत्र, आमची प्रतिज्ञापत्रं, इंडेम्निटी बाँड (पुढे कुणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ, अशी हमी), दोन जामीनदार, आणि वर एक वेगळंच लचांड: बाबांच्या नावाचं स्पेलिंग पासबुकात, आधारवर आणि मृत्यूच्या दाखल्यात तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. तिन्ही एकच व्यक्ती आहेत, हे सांगणारं आणखी एक प्रतिज्ञापत्र. नोटरीसमोर उभी राहून, हे तिघेही माझेच वडील, असं शपथेवर सांगताना मला हसूही आलं आणि रडूही. साडेचार लाख मिळायला पाच महिने लागले.

आता नियम बरेच सुटसुटीत झालेत, हेही सांगायला हवं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा टक्काही ठरवता येतो. एकामागून एक असाही क्रम देता येतो, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. आजोबांच्या बाबतीत झालं ते टळावं म्हणूनच जणू. रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देशही काढलेत, ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. त्यात सगळी कागदपत्रं मिळाल्यावर पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसला तरी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत साध्या कागदांवर काम व्हावं, अशी तरतूद आहे.

दादाच्या त्या तीन लाखांवरून मात्र घरात थोडं तापलं. वहिनीचं म्हणणं, बाबांनी विचार करूनच याचं नाव घातलं असणार. मलाही आतून वाटत होतं की नॉमिनी म्हणजे मालक. वकिलांनी हसून सांगितलं, "नॉमिनी म्हणजे पोस्टमन. बँकेने कुणाच्या हाती द्यायचे एवढंच ते नाव सांगतं. पत्र कुणाचं, ते वारसा कायदा नाहीतर मृत्युपत्र ठरवतं." विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये, सरबती देवींच्या खटल्यात, हेच म्हटलं होतं. बाबा गेल्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, शक्ती येझदानी खटल्यात शेअर्सबद्दलही तेच ठरलं. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क मिळतो, तेवढा फरक. दादाने त्या संध्याकाळी काही न बोलता तीन लाख आईच्या खात्यात टाकले आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली एक शब्द नाही. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही.

पतसंस्थेबद्दल थोडक्यात. बाबांनी तिथे अडीच लाख ठेवले होते, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याजासाठी. चेअरमन ओळखीचे. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. २०२० च्या फेब्रुवारीत ते १ लाखावरून ५ लाख झालं. पतसंस्थेच्या ठेवींना ते नाही. आम्हाला पैसे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने, आठ महिन्यांत आणि अकरा फेऱ्यांत. दोन टक्के जास्त व्याज पेट्रोलमध्येच गेलं.

सातबाऱ्याचं तर विचारूच नका. गावच्या जमिनीवर अजून आजोबांचंच नाव होतं. २७ वर्षांत कुणी वारस नोंदच लावली नव्हती, कारण भांडण नव्हतं. भांडण नसलेल्या घरांचेच सातबारे जुने राहतात, हा माझा ठाम अनुभव. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची, त्यात आमचंही घोडं गंगेत न्हालं. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, पण गावात अजून तलाठीच. फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, मग मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

त्या कार्यालयात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला सहज विचारलं, "ताई हक्कसोड देणार ना?" जणू चहा घेणार ना. आमच्याकडे बहिणीने हक्कसोडपत्र द्यायचं ते भाऊबीजेची परतफेड म्हणून, आणि न देणारी बहीण लोभी. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "नाही. नाव लागू द्या." तिन्ही आत्यांची नावंही लागली. जमीन अवघी सव्वादोन एकर, वाटून कुणाचं भलं व्हायचं नाही. पण हक्क सोडायचा असेल तर तो कागद वाचून, विचार करून, नोंदणी करून सोडावा. तेराव्याच्या जेवणावळीत पुढे केलेल्या कागदावर सही करून नव्हे.

एक गंमत मधेच. रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं. दहा वर्षांहून जास्त काळ कुणी न विचारलेल्या ठेवी तिथे नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधता येतात. मी बाबांचं नाव घातलं, आणि मिरजेतलं एक खातं सापडलं. नव्वदच्या दशकात तीन वर्षं त्यांची तिकडे बदली होती. त्यातून ६,८१२ रुपये निघाले. आईने ते जसेच्या तसे पाकिटात घालून देवघरात ठेवलेत, खर्च करत नाही.

हे सगळं चालू असताना मी डोंबिवलीला आमच्या घरी परत यायचे आणि रात्री नवऱ्याकडे बघून विचार करायचे, की हा उद्या गेला तर मी काय करीन? आणि मी गेले तर हा? आमच्या घरात तर बाबांच्याइतकी नीट ट्रंकही नव्हती. कागद निम्मे ईमेलमध्ये, निम्मे कपाटात, एक फाईल त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

एका शनिवारी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. नवऱ्याच्या तीन विमा पॉलिसी निघाल्या, तिन्ही मामेसासऱ्यांकडून घेतलेल्या. मामांचं मन मोडायचं नाही म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एक. तिन्हींचं मिळून विमा संरक्षण ११ लाख. घराचं कर्ज बाकी ३१ लाख. घरखर्च वर्षाला सहा लाखांच्या आसपास, लेक सातवीत. म्हणजे हा गेला असता तर ११ लाखांत कर्जही फिटत नव्हतं. पॉलिसी आहेत म्हणून आम्ही बारा वर्षं निवांत झोपत होतो.

मग मी, गणिताची शिक्षिका असून इतकी वर्षं न केलेला हिशेब केला. त्यातल्या एका पॉलिसीचा हप्ता वर्षाला २४ हजार, मुदत वीस वर्षं, शेवटी बोनससह साधारण ८ लाख ३३ हजार मिळतील असं मामांनी लिहून दिलेलं. भरलेले ४ लाख ८० हजार, मिळणार ८ लाख ३३ हजार. ऐकायला जवळजवळ दुप्पट. पण पैसे दरवर्षी थोडे थोडे जातात हे धरलं की परतावा येतो वर्षाला ५ टक्के. तेच २४ हजार दरवर्षी सुरुवातीलाच पीपीएफमध्ये घातले असते, तर ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांत १० लाख ६५ हजार झाले असते. पीपीएफची मुदत पंधरा वर्षं, ती पाच वर्षांनी वाढवता येते. फरक सव्वादोन लाखांहून जास्त, आणि संरक्षण ज्यासाठी विमा घेतला ते नावापुरतं. मामांना मी दोष देत नाही. त्यांनी विकलं, आम्ही विचारलं नाही.

जुन्या दोन पॉलिसी पेड-अप केल्या, म्हणजे हप्ते थांबवले, जमलेली रक्कम मुदतीला मिळेल. तिसरीला तीनच वर्षं उरली होती, ती चालू ठेवली. नवऱ्यासाठी साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म इन्शुरन्स घेतला, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा. हप्ता वर्षाला पंचवीस हजारांच्या आतबाहेर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, त्याने थोडा हातभार लागला. नवऱ्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते फॉर्ममध्ये लिहू नका, हप्ता वाढेल, असं फोनवरचा मुलगा सुचवत होता. आम्ही लिहिलं, हप्ता वाढला. तीन वर्षं उलटल्यावर विमा कंपनी पॉलिसीवर प्रश्न उभा करू शकत नाही, कायद्याचं ४५ वं कलम तसं सांगतं. पण त्या तीन वर्षांतच काही झालं तर? लपवलेल्या गोळीपायी मी विधवेच्या वेशात कंपनीच्या पायऱ्या चढू?

ही पॉलिसी घेताना एक चौकोन आवर्जून भरला: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा. त्याखाली घेतलेल्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांचेच राहतात, नवऱ्याची देणी वसूल करायला कुणी त्यांना हात लावू शकत नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून नाही. इतका जुना कायदा, आणि त्या फोनवरच्या मुलाने तो ऐकलेलाही नव्हता. मी माझ्यासाठीही पन्नास लाखांचा विमा मागितला, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कशाला?" घराचा निम्मा हप्ता मी भरते, हे त्याला सांगत बसले नाही. फॉर्म भरला.

बाकीचं साधंच. सहा महिन्यांचा खर्च एका संयुक्त खात्यात, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' या पद्धतीने. बाबांच्या वेळी पाच महिने बरंचसं कुलूपबंद असताना घर चाललं ते दादाच्या आणि माझ्या पगारावर. त्या दिवसांत एफडीला सात टक्के मिळतात की साडेसात, याने काडीचा फरक पडत नव्हता. आज सकाळी हातात पैसे आहेत का, एवढाच प्रश्न होता. आजीला सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून दिलं. नॉमिनी सगळीकडे तपासले. माझ्या पीएफला अजून माझे वडील नॉमिनी होते, म्हणजे मीही बाबांचाच कित्ता गिरवला होता.

आमच्या कामाच्या मावशींचंही इथेच सांगते. त्यांचा नवरा रिक्षा चालवायचा, चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेला, वय ४६. बाबांच्या पासबुकांनी मला नोंदी वाचायची सवय लावली होती, म्हणून त्यांना म्हटलं, त्याचं पासबुक आणा. मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची वर्गणी, दोन लाखांचं संरक्षण. शेजारी वीस रुपये, ते अपघात विम्याचे. मावशींना वाटायचं, बँक असेच कायतरी पैसे कापते. बँकेत जाऊन दावा भरला, पैसे मिळाले. त्यातून त्यांनी आधी रिक्षाचं कर्ज फेडलं.

आईच्या मृत्युपत्राचा विषय काढायला मला तीन महिने लागले. काढला, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं विचारलंस. मला वाटलं, तुम्ही दोघं लाजताय." साध्या कागदावर लिहिलं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार, वारसांपैकी कुणी नाही. एक शेजारचे डॉक्टर, त्यांनी ती शुद्धीवर आणि स्वस्थ असल्याचा दाखलाही जोडला. शेवटच्या ओळीत तिने सांगून घातलं, की शिलाई मशीन नातीला. हे लिहिताना वकील जरा चुळबुळले, पण लिहिलं.

आणि वही. आमच्या घरात आता दोनशे पानी एक वही आहे. ती कोणत्याही ॲपपेक्षा बरी, कारण तिला पासवर्ड नाही. पासवर्ड त्यात लिहिलेही नाहीत. कुठलं खातं, कुठल्या शाखेत, नॉमिनी कोण, कागद कुठल्या कप्प्यात, कुणाला फोन करायचा, एवढंच. लिहून झाल्यावर आम्ही तालीम केली. म्हणजे मी मेले असं धरायचं, आणि नवऱ्याने वही घेऊन माझी चार कामं कागदावर पूर्ण करायची: पीएफ, विमा, लेकीच्या नावचं सुकन्या खातं, लॉकर. मी सोफ्यावर बसून नुसतं बघायचं, बोलायचं नाही.

पहिल्या अर्ध्या तासात तो तीनदा म्हणाला, "अगं, सांग ना." लॉकरची किल्ली त्याला सापडली, पण लॉकर कुठल्या शाखेत ते वहीत नव्हतं. लिहायला मीच विसरले होते. मग पाळी बदलली. त्याच्या बाजूने मी कंपनीच्या ग्रुप विम्याच्या कागदापाशी अडकले, कारण तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच होता. लेक हे सगळं ऐकत होती. तिने विचारलं, "तुम्ही दोघंही एकदम गेलात तर?" त्या रात्री दादाला फोन करून विचारलं, की तिचा पालक म्हणून तुझं नाव मृत्युपत्रात घालू का. तो हो म्हणाला आणि लगेच विचारलं, "आमचं पण तसं करायला लागेल ना?" ते त्यांचं झालं गेल्या दिवाळीत.

आईने सातारला स्वतःची वही केलीय. पहिल्या पानावर एटीएमचा पिन होता, तो मी खोडायला लावला. दुसऱ्या पानावर हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला, असं लाल शाईने. पुढे दूधवाल्याचा हिशेब, शेजारच्या काकूंना दिलेले दोन हजार, पोस्टाच्या व्याजाच्या तारखा. पैसे काढायला आता ती एकटी जाते, पण मशीनमधून नोटा आल्या की तिथेच उभी राहून मोजते आणि मागच्या रांगेची बोलणी खाते.

राहिले ते शेअर्स. त्यातल्या एका कंपनीचं काम झालं, नवं पत्र आलं, आईच्या डीमॅट खात्यात शेअर्स जमा झाले. दुसऱ्या कंपनीचा लाभांश बाबांनी सलग सात वर्षं वठवलाच नव्हता, त्यामुळे ते पन्नास शेअर्स केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत गेलेत. आधी कंपनीकडून हक्काचं पत्र, मग तो पाच नंबरचा फॉर्म ऑनलाइन, मग सगळे मूळ कागद टपालाने. आमची फाईल पहिल्याच पायरीवर दोनदा परत आली, एकदा बाबांच्या स्पेलिंगवरून आणि एकदा आजीच्या अंगठ्यावरून. आजी आता ९३ ची आहे. तिसऱ्यांदा पाठवलीय. वहीत त्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलंय: मार्चमध्ये पुन्हा फोन करणे.